नवाचा ताळा

माझा राग जुना आहे आणि तो नऊ या आकड्यावर आहे. खरं तर नवाचा बिचाऱ्याचा काही दोष नाही. दोष आहे तो नवाचा ताळा एकदा जमला की आपल्याला सगळं गणित कळलं असं समजून छाती काढून हिंडणाऱ्यांचा. पण राग आला की मी फार निवडत बसत नाही.

मी गणिताची बाई. कोल्हापुरातल्या एका शाळेत माझा जन्म गेला आणि निवृत्त झाले तरी आवाज अजून वर्गातलाच आहे, असं घरचे म्हणतात. म्हणू देत. ताळा म्हणजे काय हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. मोठा गुणाकार केला, की उत्तर पुन्हा मांडत बसण्यापेक्षा आकड्यातल्या सगळ्या अंकांची बेरीज करायची, त्या बेरजेतल्या अंकांची पुन्हा बेरीज करायची, असं करत एकच अंक उरेपर्यंत जायचं. गुणलेल्या आकड्यांच्या उरलेल्या अंकांचा गुणाकार आणि उत्तर, दोन्हीकडे तोच अंक उरला तर ताळा जुळला; हा अंक म्हणजे नवाने भागल्यावरची बाकी (नऊ उरले तर शून्य), म्हणून नवाचा ताळा. सोपं आहे, झटपट आहे, पोरांना जादूसारखं वाटतं. आणि हे शिकवून झालं की दर वर्षी मी फळ्यावर खडू आपटून दोन वाक्यं सांगायची. ताळा चुकला तर कुठंतरी चूक आहे, हे नक्की. पण ताळा जुळला, म्हणजे बरोबरच आहे, असं नाही. कारण अंकांची नुसती अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते आणि नवाला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी अकराचा ताळा घ्यावा लागतो.

पहिलं वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहायचं. दुसरं वाक्य चालू असताना मधल्या सुट्टीची घंटा व्हायची. त्या घंटेचाही मला राग आहे.

माझी धाकटी बहीण कोडोलीच्या पलीकडे, वारणेच्या काठावरच्या गावात असते. नवरा गेला, मुलगा पुण्यात नोकरीला आहे, आणि तिच्याजवळ आहे ती एक म्हैस. चांगली काळीभोर मुऱ्हा, शिंगं घट्ट वळलेली, आणि स्वभावाने माझ्या बहिणीसारखीच हट्टी. ही म्हैस बहिणीशिवाय कुणाला पान्हा सोडत नाही. एकदा बहीण तापाने पडली तेव्हा शेजारणीने तिचं लुगडं नेसून धार काढायचा प्रयत्न केला, तर म्हशीने बादलीला लाथ घातली आणि शेजारीण शेणात बसली.

या म्हशीच्या कानात बिल्ला मारला त्या दिवशी बहिणीचा मला फोन आला. आता सगळ्या जनावरांच्या कानात पिवळा बिल्ला असतो आणि त्यावर बारा अंकी नंबर असतो. बहीण म्हणाली, "अक्का, माज्या म्हशीला नंबर मिळाला. लई मोटा हाय. तुला वाचून दावू का?" माणसं फोनवर नातवंडांची बडबड ऐकवतात, आमच्यात म्हशीचा नंबर ऐकवतात. मी भाकरी थापत होते. म्हटलं, सांग. ती कानातल्या बिल्ल्यावरचा एकेक अंक सांगत गेली आणि मी ओट्यावरच्या पिठात बोटाने लिहीत गेले.

मोठा आकडा समोर आला की मला राहवत नाही. लोकांना मोठा आकडा म्हणजे भीती वाटते. मला त्याच्या पोटात काय आहे ते बघायचं असतं. हा आकडा मोठ्याने वाचायला घेतला तर सात निखर्व, तीन खर्व, दोन अब्ज, पासष्ट कोटी, एक्केचाळीस लाख, अठ्ठ्याण्णव हजार पंचेचाळीस. अंकांची बेरीज चोपन्न, म्हणजे नवाने भाग जाणार. मग एक सोडून एक अंक घेऊन बेरीज केली तर सत्तावीस आली, उरलेल्यांची केली तर तीही सत्तावीस. म्हणजे अकरानेही भाग जाणार. शेवटी पाच होताच. मग मला चेव आला. तीन-तीन अंकांचे गट पाडले, एक आड एक गट मिळवले आणि वजाबाकी केली. दोनशे एकतीस आले. साता तेहतीस! सातानेही भाग जातोय!

"अगं," मी ओरडलेच, "पाच, सात, नऊ, अकरा, सगळ्यांनी भाग जातो! साडेतीन हजार आकडे तपासलेस तर असा एखादा मिळायचा."

"म्हंजे दूध जास्त दील व्हय?" बहिणीने विचारलं.

पुढे कितीतरी दिवस ती चेष्टेने "माजी निखर्वातली म्हस" म्हणायची. मी भाकरी केल्या, ओटा पुसला, आकडा पिठाबरोबर गेला. आकडा विसरले, पण त्याचा गुण डोक्यात राहिला. सवयच तशी आहे. माणसांचे चेहरे मी विसरते, कुणाच्या गाडीच्या नंबराला कशाने भाग जातो ते मात्र विसरत नाही.

मग पूर आला. आमच्याकडे पुराचं कुणाला नवल राहिलेलं नाही. वारणेचं पाणी गावात शिरणार असं कळल्यावर माणसं एका वाटेने गेली आणि जनावरं दुसऱ्या. बहिणीच्या शेजाऱ्याने आपल्या ट्रॉलीत स्वतःच्या म्हशींबरोबर तिची म्हैस घातली आणि कोडोलीच्या वरच्या अंगाला एका मंगल कार्यालयाच्या पटांगणात जनावरांची छावणी होती तिथे नेली. बहिणीला म्हैस सोडून निघायचं नव्हतं. पण गावकऱ्यांनी बायकांना आणि म्हाताऱ्यांना आधी गाडीत बसवलं आणि ती माझ्याकडे कोल्हापुरात आली. रस्ता बंद होता तोवर ती माझ्या घरात धड बसली नाही, धड जेवली नाही. चहाचा कप हातात घेऊन म्हणायची, "तिची कास दुकत आसंल." रस्त्यावरचं केर्लीजवळचं पाणी उतरलं तशी आम्ही पहिली गाडी पकडली, वाघबिळाच्या घाटातून कोडोलीला उतरलो आणि छावणीत पोचलो.

म्हशीने बहिणीचा आवाज फाटकातच ओळखला. असं ओरडली की पलीकडच्या मांडवातली माणसं वळून बघायला लागली. दावं तोडायला बघत होती. कास फुगून दगडासारखी झालेली, कुणीतरी पिळायचा प्रयत्न केला होता आणि लाथा खाऊन सोडून दिला होता. बहिणीने मागच्या सडाला हात लावला आणि तिचा चेहराच बदलला.

"अक्का, सड गरम लागाय लागलंय. आज पिळली न्हाय तर दगडीचं दुखणं लागंल. सड जाईल हिचं."

ती खाली बसून धार काढणार, तेवढ्यात छावणीचा मुख्य आला. पन्नाशीचा माणूस, पांढरा शर्ट, खिशाला काळा चष्मा अडकवलेला. जनावराला हात लावायच्या आधी नोंद, म्हणाला. नोंद नाही तर हात नाही. आम्ही टेबलाशी गेलो. बहिणीने फोनवर आलेला नोंदणीचा मेसेज दाखवला. त्याने त्यातला नंबर आपल्या टॅबमध्ये घातला.

"हां. तुमची म्हस नोंदीला हाय. मुऱ्हा. नाव बी तुमचंच. पण ही म्हस ती न्हवं."

"ती न्हवं म्हंजे?"

"हिच्या कानातला नंबर वायला हाय. कानातला नंबर घातला तर नोंदच दावत न्हाय. ह्यो बगा."

शेजारी तिथेच जनावरांना वैरण टाकत होता. तो ओरडला, "आवो, हिचीच हाय की! माज्या ट्रॉलीतनं मीच आणलीया!"

"गेल्या पुरात बी समदी असंच म्हणत हुती," मुख्य म्हणाला. "हिचीच हाय, त्येचीच हाय. दोन म्हशी गेल्या दुसऱ्याच्या दारात. मागनं खरं मालक आलं, माज्या गळ्याशी आलं. आता नंबर जुळला तरच जनावर सुटणार."

"ती वरडतीया बघा की माज्याकडं बगून!"

"म्हशी सगळ्यास्नीच वरडत्यात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या कोल्हापुरात लोक म्हैस दूध-कट्ट्यावर उभी करून डोळ्यांदेखत पिळून घेतात तेव्हा पेला तोंडाला लावतात. बाटलीतल्या दुधावर विश्वास नाही, समोर धार पडताना दिसली पाहिजे. आणि तीच माणसं एका आकड्यापुढे मात्र डोळे मिटून हात जोडतात. जिवंत म्हैस समोर उभी आहे, बाईला बघून हंबरते आहे, तिच्या कासेतलं दूध तिला सोसवत नाही, आणि हा माणूस म्हणतो ही ती नाही. का, तर बिल्ला मारायला आलेल्या एका पोराच्या अंगठ्याने टॅबवर काहीतरी दाबलं ते खरं. एवढा मोठा आकडा कशाला घेतात, तर कुठल्याही दोन जनावरांचा सारखा येऊ नये म्हणून. हे मला मान्य आहे, त्यात अक्कल आहे. पण एवढी अक्कल लढवून काढलेला आकडा अखेरीला घाईतला एखादा अंगठाच दाबणार आहे, याचा विचार कुणीतरी करायला नको?

मी म्हटलं, दोन्ही नंबर दाखवा. चिखलात काडीने एकाखाली एक लिहिले. बिल्ल्यावरचा ७३२६५४१९८०४५. नोंदीतला ७३२५६४१९८०४५. बघितल्या बघितल्या दिसलं. पासष्टचे छप्पन्न झाले होते. बाकी दहा अंक जिथल्या तिथे.

"हे बघा," मी म्हटलं, "नोंद करताना सहा आणि पाच यांची अदलाबदल झाली आहे. शेजारचे दोन अंक उलटे पडले की दोन आकड्यांतल्या फरकाला नेहमी नवाने भाग जातो. इथे फरक बरोबर नऊ कोटी आहे."

"नऊ कोटी?" तो म्हणाला. "नऊ कोटीचा फरक हाय म्हंताय आणि एकच म्हस म्हंताय?"

भोवती माणसं जमली होती. ती हसली. मला वर्गातसुद्धा कुणी असं हसलेलं नाही, हसलं असतं तर फळ्यापाशी उभं केलं असतं.

मी बिल्ल्यावरचा आकडा घेतला आणि तिथेच चिखलात त्याचे गुण तपासले. पाचाने भाग जातो. नवाने जातो. अकराने जातो. तीन-तीनचे गट पाडले, दोनशे एकतीस आले, साता तेहतीस. माझ्या पिठातला आकडा परत आला होता. खात्री तर म्हैस बघताच पटली होती, पण आता माझ्याजवळ कारण होतं. मी सांगितलं, बिल्ला मारला त्या दिवशी बहिणीने मला हाच नंबर फोनवर सांगितला होता, त्याला पाच, सात, नऊ, अकराने भाग जात होता हे मला पक्कं आठवतं, आणि कानातल्या आकड्याला जातो. नोंदीतल्याला सात आणि अकराने जात नाही. म्हणजे चूक नोंदीत आहे, कानात नाही.

"बाई," मुख्य म्हणाला, "म्हशीला कशानं भाग जातोय ते आमी इचारलं न्हाय. हितं वर्ग भरल्याला न्हाय."

परत हसले. बहिणीचं लक्ष आमच्याकडे नव्हतंच. ती म्हशीकडे बघत होती आणि तिचे हात आपोआप मुठी आवळत होते, सोडत होते, धार काढल्यासारखे.

आणि मग तो खाली बसला. माझ्या हातातून काडी घेतली. मला शिकवायच्या आवाजात म्हणाला, "आमाला बी गणित हुतं, बाई. आमच्या मास्तरांनी शिकीवल्यालं अजून ध्यानात हाय. थांबा, ताळा करू. नवाचा ताळा."

मी डोळे मिटले.

त्याने बोटं मोजत बेरीज केली. वरचे चोपन्न, पाच आणि चार नऊ. खालचे चोपन्न, पाच आणि चार नऊ. उठला तो अगदी खुशीत. "आरं, जुळला की! ताळा जुळला! म्हंजे नंबर एकच हाय, टायपात कायतरी झालं आसंल. मग आदी सांगायचं न्हाय व्हय? सोडा रं म्हस!"

माझं तोंड उघडलं होतं. उत्तर बरोबर आणि रीत साफ चूक! परीक्षेत हे आलं असतं तर मी तांबडी रेघ मारून शून्य दिलं असतं. नऊ जनावरं आणली तर त्यातल्या एखाद्याचा ताळा असाच जुळेल, निव्वळ योगायोगाने. या ताळ्याने त्याने कुणाचीही म्हैस कुणालाही दिली असती. हे माझ्या जिभेवर होतं. पण बहिणीने माझा दंड धरला आणि नखं रुतवली. मी तिच्याकडे बघितलं, म्हशीच्या कासेकडे बघितलं आणि तोंड मिटलं. मिटताना दात एकमेकांवर आपटले तेवढा आवाज झाला.

आम्ही म्हैस घेऊन फाटकाबाहेर आलो. रस्त्याच्या कडेला आंब्याचं झाड होतं, बहिणीने तिथेच दावं अडकवलं आणि खाली बसली. पहिल्या धारा मातीत सोडल्या. म्हशीने मान खाली घातली, डोळे अर्धे मिटले, आणि बहीण रडायला लागली. हात थांबत नव्हते, डोळे थांबत नव्हते. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी तिथे उभी राहून स्वतःशीच धुमसत होते की एवढा साधा माणूस, वाईट नाही, हरामखोर नाही, आणि इतकी मोठी चूक इतक्या आनंदाने करतो.

तेवढ्यात आतून त्याचा आवाज आला. आता आवाजात नवा जोर होता.

"आता असंच करायचं. ज्येचा नंबर चुकीचा पडलाय त्येचा ताळा करायचा. ताळा जुळला तर जनावर सोडायचं. लांब उबं ऱ्हावा, एकेकानं या."

मी वळून बघितलं. टेबलाशी एक म्हातारी उभी होती. तिच्या मागे खुंट्याला एक तांबडी कालवड, तिने मान लांब करून म्हातारीचा पदर तोंडात धरला होता. चघळत होती. मुख्य बोटं मोजत होता.

"न्हाय जुळत, आजी. कानातल्याचा चार येतोय, नोंदीतल्याचा नऊ. ही कालवड तुमची न्हवं."

"माजी न्हवं तर मग कुणाची रं बाबा? घरात जलमलीया ती."

"ते मला कसं म्हाईत? मगाशी त्या बाईंच्या म्हशीचा जुळला, दिली का न्हाय? तुमचा जुळत न्हाय. न्याय सगळ्यास्नी एकच."

न्याय! मी काय केलं होतं ते मला तेव्हा कळलं. मी गप्प बसून म्हैस सोडवली नव्हती. मी गप्प बसून त्याच्या हातात कायदा दिला होता. बहिणीच्या नोंदीत दोन अंक उलटे पडले होते म्हणून ती सुटली. म्हातारीच्या नोंदीत कुणीतरी तिनाच्या जागी आठ दाबला असेल, म्हणून ती अडकली. चूक दोन्हीकडे त्याच पोरांची, त्याच घाईची. एकीची नवाला दिसत नाही, दुसरीची दिसते, एवढाच काय तो फरक.

मी बहिणीला म्हटलं, "मी आत जाते."

तिने धार थांबवली नाही. वर बघितलं. तिला सगळं ऐकू आलं होतं. "अक्का," ती म्हणाली, "पुन्ना त्येनं हिला मागितली तर?"

मी गेले.

"हा ताळा चालणार नाही," मी टेबलावर हात आपटून म्हटलं. "ताळा चुकला म्हणजे कुठंतरी चूक आहे, एवढंच कळतं. चूक आहे, मला मान्य आहे. पण ती या आजींची आहे, हे कुठल्या ताळ्यात आलं? चूक तुमच्या टॅबात आहे. आणि ताळा जुळला म्हणजे नंबर एकच, हे तर धादांत खोटं आहे. असे ढिगाने आकडे काढून देते मी तुम्हाला, सगळ्यांचा ताळा नऊ."

त्याने चष्मा खिशातून काढला, पुसला, परत ठेवला. माणूस मठ्ठ नव्हता. त्याला बरोबर सापडलं.

"म्हंजे तुमच्या बहिणीच्या म्हशीचा ताळा जुळला त्येला बी काय अर्थ न्हाय?"

"नाही."

"मग ती म्हस बी मी चुकीचीच सोडली. आणा आत."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. कालवड तेवढी पदर चघळत होती. मला त्या क्षणी त्याचा राग आला, नवाचा आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या या गणिताचा आला, ज्याला खरं बोलल्याशिवाय राहवत नाही आणि खरं बोलून कुणाचं भलं करता येत नाही. मी फाटकाकडे बघायचं टाळलं.

पण पावलं ऐकू आली. बहीण येत होती. एका हातात दावं, दुसऱ्या हातात शेजाऱ्याने दिलेली बादली, निम्मी भरलेली. म्हैस तिच्यामागे काही न ओढता, काही न कुरकुरता चालत होती. तिने म्हैस कालवडीशेजारच्या खुंट्याला बांधली, बादली म्हातारीपाशी ठेवली आणि मुख्यासमोर येऊन उभी राहिली. माझी ही बहीण शाळेत सातव्या इयत्तेपर्यंत माझ्याच गृहपाठावर पास झाली आहे.

"घ्या," ती म्हणाली. "बांदली. आता आमच्या दोगींचं एकदम बगा. ताळं नगोत. जनावरं बगा."

"काय बगू?"

"मला काय इचारताय? इतकं दिस ही हितं बांदलीया, तुमी हिला एकदा तरी बगितलं का? चला, इचारा मला. पाट फिरवून उबी ऱ्हातो मी."

आणि ती खरोखरच पाठ फिरवून उभी राहिली. मुख्य जरा घुटमळला. मग टॅब खुर्चीवर पालथा ठेवून म्हशीजवळ गेला. इतका वेळ तो तिच्या कानाशीच येत होता. आता त्याने तिला अख्खी बघितली.

"कितव्या येताची, कितव्यांदा याली?"

"तिसऱ्या. डावं मागचं सड जरा बारीक हाय, आन् त्याच्यातनं धार वाकडी येतीया. उजव्या शिंगाच्या मुळाशी खाच हाय, ल्हानपणी दारात अडाकली हुती. पोटाखाली नखायेवढा पांढरा ठिपका. बगा वाकून."

तो वाकला. पांढऱ्या शर्टाचा खिसा शेणाला लागला. ठिपक्यावरून बोट फिरवलं, मग कालवडीकडे वळला. म्हातारीला सांगावंच लागलं नाही, ती आपणहून सुरू झाली होती, कालवडीची आई कोण, आजी कोण, कुठल्या कानावर गोचीड जास्त होतात, कशाला घाबरते. तो ऐकत होता. शेजाऱ्याला बोलावलं, म्हातारीच्या गावचा कुणी आहे का म्हणून ओरडला. चार माणसं आली आणि चौघांनी कालवड ओळखली. मग त्याने दोन्ही जनावरं सोडायला सांगितली. नोंदीत बहिणीच्या म्हशीचे अजून छप्पन्नच आहेत, खऱ्या आकड्यापासून नऊ कोटींवर ती बिचारी एकटी उभी आहे. दुरुस्त करा म्हणून मी जिथे जाते तिथे सांगते आणि जिथे जाते तिथे भांडते.

त्या दिवशी मात्र तो टेबलाशी परत आला तेव्हा त्याच्यासमोरची रांग फाटकापर्यंत गेली होती. ज्याचं-त्याचं जनावर मांडवात ओरडत होतं. त्याने रांगेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाई, असं एकेक जनावर बगत बसलो तर लई येळ लागंल."

"लागू द्या," मी म्हटलं.